बारा नंबरचा कान

लॉगमधल्या त्या एका ओळीचा शेवटचा आकडा इतरांपेक्षा मोठा होता. वरच्या ओळींत एकेचाळीस, एकोणचाळीस, त्रेचाळीस. खालच्या ओळीत पुन्हा चाळीस. आणि मधल्या या ओळीत सहाशे अठरा. आकडे किलोबाइटचे होते. रोज पहाटे चार्जिंगवर असताना प्रत्येक श्रवणयंत्र आमच्या सर्व्हरकडून आपली फाइल मागून घेतं, आणि दिलेली फाइल केवढी होती हे सर्व्हर लिहून ठेवतो. सहाशे अठराची फाइल आमच्याकडे एकच आहे, बारा नंबरची. पण त्या ओळीच्या सुरुवातीला मागणाऱ्याचा नंबर होता एकशे सत्तावीस.

एकशे सत्तावीस म्हणजे मी.

मी मिरजेच्या श्रवण केंद्रात काम करते. शिक्षण भौतिकशास्त्राचं. गेली चौदा वर्षं केंद्राचा सर्व्हर माझ्याकडे आहे. आमच्या केंद्रात कानात यंत्र बसवून घेतलेली तीनशे चाळीस माणसं आहेत. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते. तिच्या एका टोकाला बारीक आवाज उमटतात, दुसऱ्या टोकाला जाड. आमच्या यंत्राची तार त्या वेढ्यांतून सरकवलेली असते आणि तिच्यावरचे एकशे वीस बिंदू मज्जातंतूंना थेट विजेचे ठोके देतात. कोणता आवाज कोणत्या बिंदूवर, किती जोरात, किती वेळ, हे ठरवणाऱ्या नकाशाला आम्ही पट म्हणतो. हा पट शिकतो. एखादा आवाज ऐकून मेंदू गोंधळला की ते यंत्राला कळतं, आणि दिवसभरातल्या अशा गोंधळांच्या दुरुस्त्या रात्री पटावर चढतात. नव्या माणसाचा पट जवळजवळ कोरा असतो. पहिले सहा-आठ महिने सगळं जग पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू येतं. मग हळूहळू माणसं माणसांसारखी बोलू लागतात.

पट यंत्रात एका दिवसापुरताच राहतो, मूळ सर्व्हरवर असतो. यंत्रात कायम असतो तो फक्त त्याचा पत्ता, कारखान्यातच कोरलेला. यंत्र कवटीच्या हाडाखाली असल्यानं पत्ता पुसून नवा घालता येत नाही. आमचा सर्व्हर मात्र या काळात तीनदा हलला. जुन्या पत्त्यावर आलेली मागणी नव्या जागी पोचावी म्हणून मी नियमांची एक फाइल सांभाळते. नियम दोन जातींचे असतात. एकात सर्व्हर यंत्राला सांगतो, तुझी वस्तू आता तिकडे आहे, तिकडे जाऊन माग. त्याला रिडायरेक्ट म्हणतात. दुसऱ्यात सर्व्हर काहीच सांगत नाही. मागणी आतल्या आत दुसरीकडे वळवतो आणि तिथलं जे असेल ते आणून हातात ठेवतो. हा रीराइट. यंत्राला वाटतं, मागितलं तेच मिळालं.

सर्व्हर हे नियम वरून खाली वाचतो आणि जो पहिला लागू पडेल तो पाळून थांबतो. पुढचे वाचतच नाही.

अगदी सुरुवातीच्या वीस यंत्रांचे नियम रीराइटचे होते. बारा नंबरचा नियम म्हणत होता, ज्याचा नंबर बारानं सुरू होतो त्याला बाराचा पट द्या. तेव्हा तीन आकडी नंबरच नव्हते, म्हणून चाललं. पुढे एकशे वीसपासून एकशे एकोणतीसपर्यंतची यंत्रं आली तेव्हा मी त्यांचे नियम काळजीपूर्वक त्याच्या वर लिहिले. त्यातला एकशे सत्तावीसचा नंतर काढून टाकला, कारण ज्यांच्यासाठी ते यंत्र आलं होतं त्यांनी शस्त्रक्रियेला नकार दिला आणि पाकीट न उघडता कपाटात परत आलं. सहा वर्षांपूर्वी माझे स्वतःचे कान पार गेले तेव्हा डॉक्टरांनी नवीन यंत्र मागवू या म्हटलं. मी म्हटलं, कपाटात एक पडून आहे की, तेच बसवा. आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी माझा नियम मी फाइलच्या अगदी तळाशी लिहिला. आधी सगळ्यांना वाढून झाल्यावर आपण पान घेतो, तसा. त्यात विचार असा नव्हताच. हातानं केलं.

त्या नियमापर्यंत सर्व्हर एकदाही पोचला नाही.

यंत्र सुरू केलं त्या सकाळी मला पहिला आवाज आला तो खोलीतल्या पंख्याचा. पत्रा नाही, खडे नाहीत. पंख्याच्या प्रत्येक पात्याची वेगळी सळसळ. दुपारी नागपूरहून केतकीचा फोन आला. माझी मुलगी. त्याआधीची चार वर्षं आम्ही फक्त मेसेजवर बोलत होतो, आणि मेसेजवर मुली आयांना फार काही सांगत नाहीत. त्या दिवशी तिनं "आई" म्हटलं आणि त्या शब्दाआधी तिनं घेतलेला श्वासही मला ऐकू आला. तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता ती फोन करते. नवऱ्याशी झालेलं भांडण, ऑफिसातल्या साहेबाची नक्कल, बिघडलेला कुकर, सगळं. सहा वर्षांत फार तर दहा दिवस चुकले असतील. माझ्या प्रगतीवर केंद्रात एक छोटा शोधनिबंधही झाला. श्रेय माझ्या मेंदूला दिलं गेलं.

ते श्रेय दस्तगीरचाचांचं होतं.

बारा नंबर म्हणजे दस्तगीरचाचा, तंतुवाद्यांच्या गल्लीतले जवारीचे कारागीर. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा कानशीनं केसाएवढा घासून असा करायचा, की तार छेडल्यावर स्वर नुसता न वाजता फुलून यावा. ही जवारी. ती डोळ्यांना दिसत नाही, मोजपट्टीनं मोजता येत नाही. पंचावन्नाव्या वर्षी एका औषधानं त्यांचे कान गेले. यंत्र बसल्यावर त्यांनी कोऱ्या पटापासून सुरुवात केली आणि अकरा वर्षं रोज आठ तास तारा ऐकून तो पट असा बारीक केला की आमच्याकडे तसा दुसरा नाही. त्यांच्या शंखाचे वेढे आणि माझे वेढे जवळजवळ सारखे निघाले, हा योगायोग. शंभरात एखाद्याचं असं जुळलं असतं.

पण पट शिकतो, आणि तो कुणाकडून शिकतो हे विचारत नाही. सहा वर्षं माझ्याही दुरुस्त्या त्याच पटावर चढत होत्या. तंबोऱ्याच्या स्वराची झळाळी ज्या बारीक कंपनांत असते, साधारण त्याच पट्ट्यात स, श, फ ही व्यंजनं असतात. मला शब्द तुटक हवे होते, त्यांना स्वर सलग हवा होता. मी रोज थोडं माझ्याकडे ओढत होते. तीन वर्षांपूर्वी चाचांनी जवारीचं काम सोडलं. तपासणीला आले तेव्हा सांगितलं, कान पहिल्यासारखा राहिला नाही, वय झालं. मीच त्यांच्या कार्डावर ते लिहून घेतलं होतं.

हे सगळं मला एप्रिलमध्ये कळलं. आमचं केंद्र राज्याच्या श्रवण-जाळ्यात विलीन होणार होतं आणि जुना पत्ता ऑगस्टअखेर कायमचा बंद व्हायचा होता. त्यासाठी प्रत्येक यंत्राला कायमचा रिडायरेक्ट द्यायचा होता. तात्पुरत्या रिडायरेक्टमध्ये यंत्र दर पहाटे जुन्या दारी येऊन विचारतं. कायमच्यामध्ये ते नवा पत्ता स्वतःच्या स्मृतीत लिहून घेतं आणि पुन्हा विचारायला येत नाही. आमच्या यंत्रांत त्यासाठी एकच रिकामी ओळ आहे आणि ती एकदाच लिहिता येते. बाहेरच्या कुणी कुणाचा कान वळवू नये म्हणून ती तशी ठेवली आहे. ही कामं सुरू करण्याआधी मी लॉग तपासले, म्हणून ती ओळ दिसली.

त्याच दिवशी मी माझ्या दुरुस्त्या त्या पटावर चढणं बंद केलं. पट घेणं मात्र बंद केलं नाही.

चार महिन्यांत मी तीनशे अडतीस यंत्रांची कायमची सोय केली. दोन ठेवली. प्रत्येक दुरुस्तीवर यंत्राचा नंबर असतो, त्यामुळे माझ्या वगळून चाचांचा पट पुन्हा मांडणं शक्य होतं. कुणाला न सांगता ते करता आलं असतं. एका सकाळी त्यांना बरं ऐकू आलं असतं, त्यांनी अल्लाचे आभार मानले असते, आणि मी सुटले असते. मी तो आदेश दोनदा लिहिला आणि दोनदा पुसला. त्यांची तीन वर्षं त्यात कुठेच येत नव्हती.

ऑगस्टच्या तेरा तारखेला मी गल्लीत गेले.

दुकानाच्या दारात भोपळे वाळत टांगलेले होते. त्यांच्याखाली चाचा एका तंबोऱ्याच्या खुंट्या पुसत बसले होते. जवारी सोडल्यापासून ते असलीच कामं करतात. कानशीचं काम आत त्यांची मुलगी नसीमा करते. मला बघून त्यांनी विचारलं, काय म्याडम, सर्व्हर बंद पडला काय, पायी पायी आलासा. मी बसले आणि सगळं सांगितलं. लॉग, नियम, कपाटातलं यंत्र, सहा वर्षं, चार महिने. बोलताना माझ्या लक्षात आलं की मी ते अहवाल वाचल्यासारखं सांगते आहे, पण दुसरं कसं सांगायचं ते मला येत नव्हतं.

चाचांच्या हातातलं फडकं थांबलं.

"म्हणजे ते वय न्हवतं?" त्यांनी विचारलं.

"वय नव्हतं. मी होते."

त्यांनी फडक्याची घडी करून गुडघ्यावर ठेवली. मग त्यांनी नसीमाला चहा टाकायला सांगितला. ती उठली नाही. कानस हातात धरूनच ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, की तीन वर्षं ती अब्बांशी यावरून भांडते आहे. ती म्हणायची हात आहे तुमचा अजून, बसा, आणि ते म्हणायचे कान गेला. एका ईदला त्यावरून दोघं जेवली नव्हती. हे सगळं तिनं अगदी खालच्या आवाजात सांगितलं.

"चार महिने लागले व्हय म्याडम, केंद्रापासनं आमच्या गल्लीपर्यंत यायला?" ती म्हणाली. "चालत धा मिनिटं हाय."

ते खरं होतं.

चाचांनी संमतीच्या कागदावर सही केली. संगणकाला पट वेगळा करायला अकरा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे बारा नंबरच्या यंत्रानं स्वतःचा पट मागितला आणि त्याला तो मिळाला. त्याच दिवशी मी त्याला कायमचा पत्ता दिला. सकाळी गल्लीत पोचले तेव्हा चाचा आत, नसीमाच्या जागेवर बसले होते. समोर तिनं परवाच पुरा केलेला तंबोरा होता. त्यांनी पहिली तार छेडली, मग मधल्या जोडीच्या तारांतली एक, मग दुसरी. घोडीवर तारेखाली घातलेला धागा नखानं किंचित मागे घेतला, पुन्हा छेडली. डोळे मिटलेले.

"ह्या तारेला भातात खडा लागतोय," ते म्हणाले.

नसीमानं ऐकलं, मान हलवली, म्हणाली काही खडा नाही. त्यांनी कानस घेतली, घोडीवरून दोनदा फिरवली, फुंकर मारली, तार पुन्हा छेडली. या वेळी स्वर उठला तो उठतच राहिला. नसीमा घोडीजवळ वाकली. मग हसली.

"तीन वर्षं कोण चूक काढत न्हवतं माझी," ती मला म्हणाली. "बरं चाललं हुतं."

चाचांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. रागाची वाट बघत होते मी. त्यांनी विचारलं, आता तुम्हाला कसं ऐकू येणार? मी सांगितलं, की माझा स्वतःचा पट आहे, फाइलच्या तळाशी, कधीच न वापरलेला. कोरा. त्यावर कसं ऐकू येतं ते अजून पाहिलं नाही. ते म्हणाले, मग बघून या.

मी तीन दिवस पाहिलं. पंख्याची पाती गेली, उरला एक घरघराट. कुकरची शिटी आणि दाराची बेल एकच. सात वाजता केतकीचा फोन आला. पत्र्याच्या डब्यात कुणीतरी खडे हलवत होतं आणि त्या खड्यांत माझी मुलगी होती. मी फोन ठेवून तिला मेसेजवर सगळं लिहिलं. तिनं आधी विचारलं, चार महिने तू हे एकटीनं बाळगलंस? मग लिहिलं, आई, पत्रिका जुळतात ऐकलं होतं, तुझे तर कान जुळले. मग आलं: "एक वर्ष लागलं तरी चालेल. मी रोज सातला फोन करीन आणि एकेक शब्द तीनदा म्हणीन." मी ते वाचून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. यंत्राआधी तर सात वाजता कुणाचाच फोन येत नव्हता.

चौथ्या दिवशी चाचांनी स्वतःच विषय काढला. त्यांनी विचारलं, माझ्या पटाची तुमच्यासाठी नक्कल होते का? होते, मी सांगितलं. पट कायद्यानं देहाचा भाग आहे. ज्याचा आहे त्यानं लेखी दिलं तर एकदा, एका माणसासाठी नक्कल करता येते. त्यानंतर दोन्ही पट वेगळे. माझ्या दुरुस्त्या माझ्यावर, त्यांच्या त्यांच्यावर.

नसीमानं मध्येच विरोध केला. त्यांच्या घरात जवारी पूर्वी सुनांनाही दाखवत नसत; तिला शिकवली तेव्हा गल्लीत महिनाभर तोच विषय होता. वाद्यांचे आवाज बनवणारी एक कंपनी मागे अब्बांचा पट मागायला आली होती, तिला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. आणि आता कान असा उचलून देऊन टाकायचा? तिचं म्हणणं मला बरोबर वाटलं. मी तसं म्हटलंही. त्यावर ती आणखी चिडली.

जाण्याआधी मी सोबत आणलेले कागद तिच्यासमोर ठेवले: सहा वर्षांत मी त्यांच्या पटावर केलेल्या सगळ्या दुरुस्त्यांची यादी, तारीख आणि वेळ घालून. तिनं हिशेबी माणसासारखं बोट फिरवत ती वाचली. पान उलटलं. पुन्हा उलटलं.

"हे रोज सातला काय हाय?"

"माझी मुलगी फोन करते."

तिनं यादी मिटली आणि मला परत दिली नाही. वर कपाटावर ठेवली.

जुना पत्ता बंद व्हायला दोन दिवस उरले होते. मी अजून काहीच ठरवलं नव्हतं. म्हणजे चाचांनी नक्कल देऊ केली होती, आणि मी दर वेळी म्हणत होते, बघू, अजून दिवस आहेत, आधी तुमचं नीट बसू दे. ज्या माणसाची तीन वर्षं मी घेतली, त्याच्याकडून आणखी काही घ्यायला माझा हात पुढे होत नव्हता. कोऱ्या पटावर राहणं हे निदान नीटनेटकं दिसत होतं. कुणाचं काही न घेता होण्यासारखं.

त्या दुपारी दुकानात धारवाडच्या एक गायिका आल्या होत्या. त्यांनी तंबोरा चाचांपुढे ठेवला आणि म्हणाल्या, तुम्हाला योग्य वाटेल तशी जवारी करा. चाचांनी कानस खाली ठेवली. म्हणाले, तसं न्हाई चालत. खुली पाहिजे का बंद, लांब पाहिजे का आखूड, गाणार तुम्ही. तुम्ही तोंडानं सांगितल्याशिवाय मी घोडीला हात लावत न्हाई. या घरात कुणीच लावत न्हाई. बाई थोड्या लाजल्या, मग त्यांनी सांगितलं. तेव्हा त्यांनी कानस उचलली.

त्या गेल्यावर चाचांनी नकलेच्या संमतीचा कागद काढला. सगळा भरलेला होता, अक्षर नसीमाचं. फक्त सही राहिली होती. पेनचं टोपण काढून त्यांनी ते हातात धरलं, पण कागदाला लावलं नाही. नसीमा आतून हात पुसत आली आणि त्यांच्या शेजारी बसली. कोऱ्या पटावर दोघांचं बोलणं मला सारखंच ऐकू येत होतं, म्हणून मी ओठांकडे बघत होते.

"आमचं आभार मानून झालं, म्याडम," चाचा एकेक शब्द सुटा करून म्हणाले. "माझा कान गेला न्हवता, हे तुमी येऊन सांगितलं. न सांगता बी चाललं असतं तुमचं. आता तुमचं काय ते बोला."

मी म्हटलं की त्यांनी आधीच खूप—

"ते न्हाई," नसीमा म्हणाली. "काय पाहिजे ते सांगा."

रस्त्यावरून एक गाडी गेली, किंवा कुणीतरी हसलं. मला कळलं नाही. ती दोघं थांबली होती.

"चाचा," मी म्हटलं, "मला तुमचा पट पाहिजे. कायमचा."